आडवं रोप

आक्काताई कणसे हिनं कुंभारखिंडीतल्या बायकांना उभ्या आयुष्यात एकच गोष्ट पक्की शिकवली होती. मतपत्रिकेवर जे आडवं दिसेल, त्याच्यावर शिक्का मारायचा.

ही शिकवण सतरा वर्षांपूर्वीची, गावातल्या दारूच्या दुकानाच्या वेळची. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद, असा नियम. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे लोळवलं. आक्काताईचा नवरा शंकर त्याच दुकानाच्या पायरीवर बावन्नाव्या वर्षी उताणा पडून गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून घराबाहेर पडली. चौथीत तिनं शाळा सोडली की शाळेनं तिला, हे ती दर खेपेला वेगळं सांगायची. पण कोळशानं भिंतीवर बाटली काढून अक्षरशत्रू म्हाताऱ्यांनासुद्धा तिनं घोकून घेतलं. दुकान बंद झालं आणि तेव्हापासून आक्काताईच्या शब्दाला गावात वजन आलं.

आता दोन हजार एकोणचाळीस साल. सरकारनं औषधी गांजाचा कायदा केला. गांजाच्या झाडाचा अर्क औषध म्हणून द्यायचा, त्याला गावोगाव केंद्रं काढायची. पण गांजा म्हटल्यावर मंत्र्यांनाही घाम फुटतो, म्हणून त्यांनी ते घोंगडं बायकांच्या गळ्यात टाकलं. दारूसारखंच गावागावात बायकांचं मतदान. चिन्हं दोन: उभं रोप, आडवं रोप.

आडवं रोप पाहिल्यावर कुंभारखिंडीच्या बायकांना काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. तरी आक्काताई घरोघर फिरली. ठरावही तिनंच मांडला होता.

“गांजा म्हंजे गांजा,” ती म्हणायची. “त्याला बाटलीत भरा न्हाई तर चिमटीत धरा. आज औषध म्हनून उंबऱ्याच्या आत येईल, उद्या तुमची पोरं देवळामागं धूर काढतील. मला इचारा. माझ्या घरात याचा सख्खा भाऊ नांदून गेलाय.”

निकाल लागला. आडवं रोप चारशे बारा, उभं सदतीस. बायकांनी तिला गुलालानं लाल केली, कुणी पेढा तोंडात कोंबला. दारूचं ते जुनं दुकान चालवणारा रंगा शेडगे ह्या खेपेला उभ्या रोपाचा भोंगा लावून फिरत होता, कारण केंद्राला जागा त्याचीच मिळणार होती. त्याच्या दारावरून जाताना आक्काताई मुद्दाम सावकाश चालली.

घरी धाकटी जाऊ शालन सोप्यात खाटेवर बसली होती. दोघींचे नवरे गेलेले, पोरं शहरात. एवढ्या घरात दोघीच.

“लागला निकाल?” शालननं विचारलं.

“लागनारच. चारशे बारा.”

“बरं झालं,” शालन म्हणाली आणि उजव्या दंडावरून पदर नीट ओढून घेतला.

त्या पदराखाली काय होतं ते गावात कुणालाच माहीत नव्हतं. आक्काताईला होतं.

*

शालनच्या आजाराचं नाव लांबलचक इंग्रजी. अर्थ मात्र आरोग्य केंद्राच्या डॉक्टर रेश्मा मुजावर हिनं सोपा करून सांगितला होता. माणसाच्या नसा म्हणजे विजेच्या वायरी. वायरीवर प्लास्टिकचं आवरण असतं, तसं नसेवर चरबीचं. शालनचं शरीर स्वतःच ते आवरण कुरतडत होतं. उघड्या वायरी एकमेकींना भिडल्या की ठिणग्या उडायच्या, आणि त्या ठिणग्या म्हणजे शालनचे पाय. कधी जळायचे, कधी आखडून धनुकलीसारखे वाकायचे.

हे अकरा वर्षं चाललेलं. आणि अकरा वर्षांतली दहा आक्काताई म्हणत आलेली, “तुझे पाय कामाच्या वक्तालाच कसे गं जळत्यात?”

गांजाचं गणित डॉक्टरनं असं सांगितलं. नसांच्या टोकांना बारीक कुलपं असतात. ती लागली की नस बोंबलायची थांबते. त्या कुलपांच्या किल्ल्या शरीर आपणच घडवतं, लागतील तेवढ्या. असल्या आजारात त्या कमी पडतात. आता निसर्गाची गंमत अशी की गांजाच्या झाडात ज्या किल्ल्या तयार होतात, त्या ह्याच कुलपांना बसतात. चिलीम ओढणारा घमेलंभर किल्ल्या एकदम डोक्यात ओततो, म्हणून त्याचं डोकं फिरतं. औषध म्हणजे नेमकी जेवढी किल्ली कमी, तेवढीच द्यायची.

“सगळ्यांना बसते का ही किल्ली?” आक्काताईनं तेव्हा विचारलं होतं. बाई शिकलेली नसली तरी नेमकं विचारायची.

“नाही,” डॉक्टर म्हणाली. “दहातल्या चार-पाच जणांना. आणि आजार बरा होत नाही. दुखणं कमी होतं, आखडणं सुटतं. यापेक्षा जास्त कुणी सांगितलं तर ते खोटं.”

पण किल्ली किती कमी आहे ते कळणार कसं? तोच नवा शोध होता. दंडावर चिकटवायची रुपयाएवढी तबकडी. गावात पुढं तिला बिल्ला म्हणू लागले. तिच्या खालच्या अंगाला केसाहून बारीक सुया. त्या कातडीखालच्या पाण्यातून शरीराच्या किल्ल्या मोजतात, स्नायूंतली विजेची थरथर मोजतात आणि दोन्हींचा मेळ घालून शून्य ते दहा असा एक आकडा दाखवतात. वेदनांक. आकडा चढला की आतली कुपी थेंबाचा शंभरावा वाटा सोडते, उतरला की बंद. नशा चढेल एवढं बिल्ला सोडूच शकत नाही, आणि फोडला तर आतला अर्क करपून जातो.

ताप मोजता येत होता, साखर मोजता येत होती. दुखणं तेवढं माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवून मान्य करावं लागायचं. आणि बाईच्या तोंडावर विश्वास ठेवणारं घर कुंभारखिंडीत होतं कुठं?

जिल्ह्याच्या दवाखान्यात चाचणीसाठी शालनला बिल्ला लावला तेव्हा आक्काताई शेजारी उभी होती. आकडा आला आठ.

“आठ म्हंजे किती?” तिनं विचारलं.

“तुम्हाला मुलं किती?” तिथल्या डॉक्टरनं उलट विचारलं.

“तीन.”

“मग तुम्हाला सांगायला सोपं. ऐन कळांच्या वेळी बाईचा आकडा साधारण साडेआठ येतो. यांचा रोजचा आठ आहे.”

आक्काताईनं तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर एक माणूस स्कूटर पुसत होता त्याच्याकडं बराच वेळ बघत बसली.

बाराव्या दिवशी आकडा तिनावर आला. शालन काठी न घेता चुलीपर्यंत गेली. थालीपीठ थापता थापता कशाला तरी हसली, तेव्हा आक्काताईला आठवेना की ह्या बाईला आपण शेवटचं हसताना कधी पाहिलं.

हे सगळं मतदानाच्या आधी चार महिने. आक्काताईनं डोळ्यांनी बघितलेलं. आणि तरीही ती घरोघर फिरून म्हणाली, गांजा म्हंजे गांजा.

*

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला डॉक्टर मुजावर आली. नेहमीसारखी ‘काय आक्काताई, चहा टाका’ म्हणाली नाही. चपला दाराबाहेर काढल्या, खाटेशी बसली आणि पिशवीतून चिमटा काढला.

“काय करतीस?” आक्काताई पुढं झाली.

“कुपी काढते. आजपासून गावाच्या शिवेत हे औषध बाळगणं गुन्हा आहे.”

“आगं पर ती आजारी हाय! दारूबंदीत न्हाई का, परवाना असतोय. तसा तिला द्या की परवाना.”

“दारूला परवाना आहे. याला नाही. कायद्यात अपवाद ठेवलेला नाही, आक्काताई. चाचणीतल्या रुग्णांनासुद्धा नाही. मी तुम्हाला कागद दिला होता मतदानाच्या आठ दिवस आधी. म्हटलं होतं, वाचा. दुसऱ्या पानावर हेच लिहिलंय.”

कागद दिला होता. दोन पानी, मोठ्या अक्षरातला. तिला वाचता यायचं, बोट ठेवून, सावकाश. तिनं पहिल्या पानाच्या चार ओळी वाचल्या होत्या आणि मग कागद घडी करून तांदळाच्या डब्याखाली सरकवला होता. सवड नव्हती म्हणून नाही. पुढं काहीतरी असं लिहिलेलं असेल की आपल्याला थांबावं लागेल, अशी धाकधूक वाटली म्हणून. एवढं सगळं गाव मागं चालत असताना थांबायचं कसं?

“तू गावात का सांगितलं न्हाईस?” तिनं डॉक्टरवरच आवाज चढवला.

“सरकारी नोकरी आहे माझी. प्रचार करता येत नाही. आणि रुग्णाचं नाव मी चावडीवर घेऊ? ते तुमच्या घरातून यायला हवं होतं.”

कुपी निघाली. जोंधळ्याच्या दाण्याएवढी काचेची वस्तू. डॉक्टरनं ती डबीत घातली, शिक्का मारला आणि शालनचा दंड पुसला. तबकडी तशीच ठेवली.

“ही कशाला ठिवली?” आक्काताई.

“औषध बंद केल्यावर दोन महिने मोजावं लागतं, नियम आहे. आता ती फक्त आकडा दाखवेल.”

*

पहिल्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी सहा. आठवडा सरला तेव्हा आठ. पुढच्या मंगळवारी दुपारी भांड्यांचा आवाज झाला म्हणून आक्काताई परसातून धावत आली, तर शालन मोरीपाशी आडवी, दोन्ही पाय पोटाशी ओढलेले, दात पदरात रुतलेले. आवाज नाही. तबकडीवर नऊ.

पूर्वी हे असंच व्हायचं. फरक एवढाच की पूर्वी आकडा नव्हता. पूर्वी आक्काताई म्हणायची, ऊठ, नाटकं पुरे. आता आकडा समोर लाल झालेला, आणि त्याला काही म्हणता येत नव्हतं. ती खाली बसली, शालनची पोटरी दोन्ही हातांनी दाबू लागली. पोटरी पाट्यासारखी कडक. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

आखडणं सुटल्यावर आक्काताईनं तिला भिंतीला टेकवून बसवलं.

“तू का न्हाई बोललीस मला?” ती म्हणाली. विचारत होती, पण आवाज नेहमीसारखा वाकडाच निघाला. “तोंड शिवलं हुतं का? म्हनायचं की, आक्का, माझं औषध जाईल.”

“मला कुठं ठावं हुतं जाईल म्हनून? तुमी म्हनला, घरातल्या मानसाला काय हुत न्हाई.”

हे खरं होतं. तिनंच म्हटलं होतं.

“मग तू तरी उभ्यावर मारायचास शिक्का. सदतीसाचं अडतीस झालं असतं.”

शालननं तोंड पुसलं. “म्या बी आडव्यावरच मारला.”

“का गं बये?”

“तुमचं नाव जाऊ नये म्हनून. लोक म्हनले असते, घरातली जाऊ फुटली. पेटीतलं कळत न्हाई म्हनत्यात, पर मला वाटलं, मला तर कळंल की.”

आक्काताई उठली आणि सांडलेली भांडी गोळा करू लागली. एक तांब्या तिनं तीनदा धुतला.

*

बुधवारी ती आरोग्य केंद्रात गेली. रुग्णांच्या रांगेत बसली नाही, सरळ डॉक्टरच्या टेबलापुढं उभी राहिली.

“पुन्यांदा मतदान कवा घेता येतं?”

“तीन वर्षांनी.”

“तवर ती जगंल?”

“जगेल,” डॉक्टर म्हणाली. “ह्या आजारानं लवकर माणूस मरत नाही, आक्काताई. तेच तर आहे.”

आक्काताईच्या मनात त्या क्षणी असं काही येऊन गेलं की तिला स्वतःचीच शिसारी आली. तिनं खुर्ची ओढली.

डॉक्टरनं कायद्याची प्रत काढली. एक वाट होती. ज्या बाईनं ठराव मांडला तिनंच भर महिला ग्रामसभेत तो कारणासकट मागं घेतला, तर तीस दिवसांत फेरमतदान. कारणं दोनच चालतात. एक, मतदानाच्या वेळी माहीत नसलेली गोष्ट नंतर कळली. दोन, मांडणारीनं माहीत असलेली गोष्ट दडवली.

“दुसरं लिहू नका,” डॉक्टर म्हणाली. “दुसऱ्यात शिक्षा आहे. सहा वर्षं तुम्हाला कुठलाही ठराव मांडता येणार नाही. पुढच्या वर्षी दारूबंदीचं नूतनीकरण आहे, आणि ते तुमच्याशिवाय...” ती थांबली. “पहिलं लिहा. माहीत नव्हतं. कोण तपासायला येतंय?”

“तू डाक्टर असून मला खोटं बोलायला शिकवतीस?”

“मी शालनकाकूंचा आकडा रोज बघते. माझ्या फोनवर येतो. तुम्हीपण बघता.”

*

सभा शनिवारी अकरा वाजता शाळेच्या पटांगणात भरली. अडीचशे बायका. ग्रामसेवक कोळेकर भाऊसाहेब टेबलाशी, त्यांच्यापुढं नोंदीचं यंत्र, बोललेलं आपसूक लिहून घेणारं. महिला सभेला ग्रामसेवक सोडून पुरुषांना मज्जाव, म्हणून रंगा शेडगे कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून बाहेरून बघत होता.

आक्काताईनं पाठांतर केलं होतं. पहिलं कारण. ती उभी राहिली.

“म्या ठराव मांडला हुता आडव्या रोपाचा. त्यो म्या मागं घेतीय. मला त्या वक्ताला ठावं न्हवतं की...”

“तुमाला कसं ठावं असनार आक्की!” पहिल्या रांगेतली छबू पवार मोठ्यानं म्हणाली. छबूचा नवरा दारू सुटून माणसात आला होता आणि त्याचं सगळं श्रेय ती आक्काताईला द्यायची. “सरकारनं फशीवलं असनार. आमाला म्हाईत न्हाई व्हय!”

“व्हय, व्हय,” मागून बायका. “आक्की कशाला खोटं बोलंल!”

किती सोपं होतं. पुढची दोनच वाक्यं, मग सही. त्यांनी कारणसुद्धा विचारलं नव्हतं. हिनं आडवं म्हटलं तर आडवं, उभं म्हटलं तर उभं. आक्काताईनं त्या तोंडांकडं बघितलं. ह्या बायकांना आपण शिक्का कुठं मारायचा ते शिकवलं. दुसरं काहीच नाही.

“गप बसा गं,” ती म्हणाली. “मला ठावं हुतं.”

ती यंत्राजवळ सरकली.

“माझ्या जावंला, शालनला, त्याच झाडाचं औषध चालू हुतं. दंडावर बिल्ला हुता. आठाचा आकडा तिनावर आलेला म्या ह्या डोळ्यांनी बघितला. ती चालायला लागली. हसायला लागली. आन् म्या तुमच्या दारात येऊन म्हनले, गांजा म्हंजे गांजा. डाक्टरीनबाईनं कागद दिला. म्या त्यो मुद्दाम वाचला न्हाई. वाचला असता तर मला थांबावं लागलं असतं, आन् मला थांबायचं न्हवतं. माझ्या नवऱ्याला बाटलीनं न्हेला त्याचा राग म्या ह्या झाडावर काढला. आन् त्यो रंगा तिकडून वरडत हुता, म्हनून मला वाटलं, त्यो म्हनतोय त्याच्या उलटं तेच खरं. हे म्या दडवलं. लिवून घ्या भाऊसाहेब.”

कोळेकरांनी यंत्राकडं बघितलं. लिहिलं गेलं होतं. “आक्काताई, कारण क्रमांक दोन होतंय हे. सहा वर्षं...”

“मोजता येतात मला सहा.”

कुंपणावरून रंगानं टाळी वाजवली. “वा! मग पुढच्या साली बाटलीचंबी बघूच की. आता ठराव मांडनार कोन?”

आक्काताईनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी छबू उठली. “म्या मांडनार. तुज्या दुकानाच्या पायरीवरनं माझा नवरा म्या खांद्यावर आनलाय, कुनी शिकवायला आलं न्हवतं. चल, भिंतीवरची कोपरं काढ!” मग ती आक्काताईकडं वळली, आणि आवाजात पहिल्यासारखं काही उरलं नव्हतं. “पर आता आमी ऐकायचं कुनाचं? तुमी आडवं म्हनला, आमी आडवं केलं. आता उभं म्हनताय.”

“म्या काय म्हनत न्हाई,” आक्काताई म्हणाली. “शालनला इचारते. तिनं येऊ दिलं तर घरी या. तिच्यापाशी घटकाभर बसा. मग तुमचं तुमी ठरवा.”

*

आक्काताईनं घरी येऊन शालनला विचारलं. अकरा वर्षं जे तिनं पदरात दात रुतवून झाकलं, ते चव्हाट्यावर मांडायचं होतं.

“मला न इचारता सांगितलंसा भर सभेत,” शालन म्हणाली.

“व्हय.” हेही विचारायचं तिच्याकडून राहून गेलं होतं.

“येऊ द्या त्यास्नी. तुमी मातूर भाईर थांबा.”

चाळीस वर्षं त्या घरात आक्काताईला कुणी बाहेर थांब म्हटलं नव्हतं. ती ओट्यावर बसली. बायका येऊ लागल्या, एकेक, दोघीदोघी, तिच्यावरून आत जाऊ लागल्या. पहिल्यांदा कुणी तिला विचारलं नाही की जाऊ का. आतून आवाज यायचा नाही. बाहेर येताना काही बायका तिच्याकडं बघायच्या, काही नाही. तुळसाबाई नावाची एक म्हातारी बाहेर येऊन कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्या सुनंला मी अशीच बोलते,” आणि निघून गेली.

असं तीन आठवडे चाललं.

फेरमतदानात उभं रोप दोनशे चौदा, आडवं एकशे एकोणनव्वद. ज्यांनी आडव्यावर मारलं त्यांतल्या कितीतरी शालनपाशी बसून गेल्या होत्या. त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती खोटी होती असं आक्काताईला म्हणवेना. केंद्र रंगाच्या जागेत न काढता शाळेमागच्या खोलीत काढायचं, हेही बायकांनी ठरवून घेतलं. त्यात आक्काताईला कुणी विचारलं नाही.

कुपी पुन्हा बसली. सहाव्या दिवशी आकडा तिनावर आला. दुपारी चारच्या सुमाराला शालन स्वतःच्या पायांनी ओट्यावर येऊन बसली. आक्काताईनं चहा आणला.

“ठिवा तितं.”

आक्काताईनं ठेवला. “साखर कमी टाकलीय. तुला गोड चालत न्हाई.”

“आक्का, मला तुमचा राग आलाय.”

“येनारच की. मतदानाचं म्या...”

“मतदानाचा न्हाई. अकरा वरसांचा.” शालन समोरच्या रस्त्याकडं बघत बोलत होती, सावकाश, जणू पाऊल टाकून बघावं तसं. “दुखायचं तवा रागवायला जीव कुठं हुता? समदा जीव पायात. दिस कसा काडायचा एवढंच. आता जरा मोकळी झाले, तर पैल्यांदा ह्योच वर आला. मला वाटलं हुतं, बरं वाटलं की मला तुमची माया यील. न्हाई आली.”

आक्काताईच्या जिभेवर तीन उत्तरं आली. सवयच तशी. मी सभेत उभी राहिले. मी सहा वर्षं गमावली. मी पोटऱ्या दाबल्या. तिनं ती सगळी गिळली. कठीण गेलं.

“बोल,” ती म्हणाली आणि खालच्या पायरीवर बसली.

“पैल्या वरसी, गौरीच्या दिवशी. म्या पाट्यावर पुरन वाटत हुते आन् पाय आखडला. तुमी समद्या बायांम्होरं काय म्हनला, आठवतंय?”

“आठवतंय.”

“म्हना मग.”

आक्काताईनं म्हटलं. तेच शब्द, तसेच. बोलून झाल्यावर तिला वर बघवेना.

“त्याच साली भावाच्या लग्नाला जाऊ दिलं न्हाई. म्हनला, नाचाय पाय हायेत, भात रोवाय न्हाईत.”

“व्हय.”

चहावर साय धरली. समोरून छबू डोक्यावर गवताचा भारा घेऊन गेली, तिनं दोघींना बघितलं आणि न थांबता पुढं गेली. उन्हं ओट्यावरून उतरून अंगणात आली. आक्काताईची कंबर भरून आली होती, पण ती हलली नाही. शालन अजून दुसऱ्याच वर्षापर्यंत पोचली होती.